भिंतीवरचा चुना

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या येरमाळ्याच्या येडाईची पालखी डोंगर उतरते. त्या दिवशी चुन्याच्या रानात पाय ठेवायला जागा नसते. लांबलांबून आलेली माणसं भर उन्हात वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखी पुढे आमराईत जाते. येरमाळ्यात जन्मलेल्या माणसाला चुना नवा नाही. माझ्या हाताला तर तो आणखी एका वाटेनं लागला. शाळेत खो-खोचं मैदान आखायचं, दोरी ताणून फक्की मारायची, हे काम मी पंचवीसेक वर्षं केलं. पावसानं रेषा धुऊन जायच्या, आम्ही परत मारायचो.

आता तो चुना माझ्या नातीच्या चेंडूला लागतो. घराच्या मागच्या भिंतीला दिवाळीत चुना दिला होता. त्या भिंतीवर ती रोज संध्याकाळी रॅकेटनं चेंडू मारते. दहा वर्षांची पोर. चेंडू आपटला की पिवळ्या लवेवर पांढरा ठिपका उठतो, आणि शंभर-दीडशे फटक्यांनंतर अख्खा चेंडू पिठात लोळवल्यासारखा दिसायला लागतो. भिंतीवरचा चुना तेवढाच निघतो. पहिल्या आठवड्यात हे डाग सगळ्या भिंतीभर होते, एकदोन तर पार पत्र्याच्या कडेला. मग ते हळूहळू एका जागी गोळा होत गेले. आज तिच्या कमरेच्या उंचीवर ताटाएवढा एकच गोल उरलाय, आतून माती दिसणारा. टेनिस मी कधी खेळलो नाही, पण त्या गोलाचा अर्थ मला कळतो.

टेनिसचा चेंडू गावात नवा नाही. गल्लीगल्लीत आहे, पण तो क्रिकेटचा. रॅकेट मात्र आमच्या आळीत ही पहिलीच. म्हणून एका संध्याकाळी तिनं विचारलं, "आबा, आपल्या घरात कुणी टेनिस खेळलंय का?" मी म्हटलं, नाही. ती चेंडू पुसत म्हणाली, "मग मला कसं येईल?"

तिला मी नाटेकरांची गोष्ट सांगितली. तेव्हापासून ती गोष्ट माझ्याच डोक्यातून जात नाही.

नंदू नाटेकर सांगलीचे, जन्म १९३३चा. म्हणजे माझ्या वडिलांच्या आगेमागेच्या वयाचे. भारताच्या बॅडमिंटनमधलं ते पहिलं मोठं नाव. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५६ साली मलायात सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. राष्ट्रीय एकेरी सहा वेळा जिंकली. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हा मुलगा आधी टेनिस खेळायचा. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि तिथं रामनाथन कृष्णन नावाच्या मुलाकडून हरला. त्यानंतर टेनिस सोडून त्यानं बॅडमिंटन धरलं, आणि दोनेक वर्षांत, विशीत, तो बॅडमिंटनचा राष्ट्रीय विजेता झाला.

ज्याच्याकडून हरला तो मुलगा १९५४ साली विम्बल्डनची कुमारांची स्पर्धा जिंकला. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला. अर्जुन पुरस्काराच्या त्या पहिल्या यादीत टेनिससाठी नाव होतं ते रामनाथन कृष्णन यांचंच. कोवळ्या वयात जाळीच्या दोन बाजूंना उभे राहिलेले दोघे एकाच यादीत आले, दोन वेगळ्या खेळांसाठी. त्या दिवशी नाटेकर जिंकले असते तर दोन्ही खेळांचा इतिहास कसा झाला असता, याचा विचार करत मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलोय.

आणि मग नंदू नाटेकरांच्या घरात मुलगा झाला, गौरव. त्यानं धरलं टेनिस.

बापाच्या हाताची कला मुलाला आयती मिळते, असं आपण सहज बोलून जातो. पैलवानाचा मुलगा पैलवान, सोनाराचा सोनार. इथं तसं झालेलं नाही. बॅडमिंटनमध्ये सगळी जादू मनगटात असते. पिसांचं ते हलकं शटल ऐन वेळी मनगट फिरवून कुठंही टाकता येतं, आणि नंदू नाटेकरांचं मनगट बघायला लोक गर्दी करत. टेनिसचा चेंडू जड, रॅकेट जड. तिथं मनगट घट्ट धरावं लागतं, जोर खांद्यातून आणि कमरेतून यावा लागतो. बापाची सगळ्यात मोठी मिळकत मुलाच्या खेळात जशीच्या तशी चालणारी नव्हती. तरी गौरव टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला, एकदा नव्हे, सात वेळा. डेव्हिस चषकात देशाकडून खेळला. १९९६ साली त्यालाही अर्जुन पुरस्कार मिळाला, वडिलांनंतर ३५ वर्षांनी.

मग त्या घरातून त्याला मिळालं तरी काय?

१९९४चा ऑक्टोबर मला चांगला आठवतो. किल्लारीच्या भूकंपाला नुकतं वर्ष झालं होतं. आमच्याच जिल्ह्यात उमरगा-लोहाऱ्याकडची गावं अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. मी नव्यानं शिकवायला लागलो होतो. हिरोशिमाला आशियाई खेळ चालले होते आणि पेपर एसटीनं यायचा. त्या खेळांत भारताला सुवर्णपदकं मिळाली चार. एक जसपाल राणाचं नेमबाजीतलं, एक कबड्डीचं. गावात बोलणं झालं ते फक्त कबड्डीचं, आणि ते साहजिकही होतं. उरलेली दोन टेनिसची होती, एक सांघिक आणि एक पुरुष दुहेरीतलं. दोन्हींत गौरव नाटेकर होता. दुहेरीत त्याचा जोडीदार लिअँडर पेस. त्या दिवशी पेपरातली ती बातमी मी वरवर वाचून बाजूला ठेवली, याची मला आज हळहळ वाटते. कारण ती जोडी नीट बघण्यासारखी होती. एकाचे वडील बॅडमिंटनपटू. दुसऱ्याचे वडील वेस पेस हॉकीचे, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या संघातले, आणि आई जेनिफर बास्केटबॉलमध्ये देशाकडून खेळलेल्या. जाळीच्या एका बाजूला उभी असलेली दोन पोरं, दोघंही खेळाडूंच्या घरातली, आणि आईबापांनी ज्यात नाव काढलं तो खेळ दोघांनीही धरला नव्हता.

अशा घरातून पोराला नेमकं काय मिळतं, याचं उत्तर मी माझ्याच घरात शोधलं, कारण मला दुसरं घर आतून माहीत नाही. माझे वडील, आमचे दादा, पैलवान होते. नाव जिल्ह्याबाहेर फार गेलं नाही, पण आसपासच्या जत्रांत त्यांच्या कुस्त्या लागायच्या. पहाटे चारला उठणं, जोर-बैठका, तालमीतल्या लाल मातीत ताक-तेल कालवणं, हे आम्ही डोळे उघडले तेव्हापासून बघत आलो. मीही लंगोट लावला. बाराव्या-तेराव्या वर्षी एका जत्रेत मला पहिल्या दोन मिनिटांतच समोरच्यानं चितपट केलं. घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. कुस्तीची बातमी माझ्याआधी घरी पोचलेली. दादा ओट्यावर बसले होते. मान वर करून म्हणाले, "जेवलास का रं?" मी मान हलवली. ते आत गेले आणि स्वतः ताट वाढून घेऊन आले. कुस्तीबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्यांनी मला उठवलं, नेहमीसारखंच.

पुढं मी कुस्ती सोडून खो-खोत गेलो, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. शाळेच्या मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. नियम कळत नव्हते त्यांना. खुंट कशाला, पाटी म्हणजे काय, बसलेली पोरं तोंडं आलटून पालटून का, सगळं मलाच विचारून घेतलं. पण पळताना माझा श्वास कुठं तुटतो, हे पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितलं. खेळ बदलला तरी श्वास तोच असतो, दमणं तेच असतं, हरल्यावरची रात्र तीच असते. ती रात्र बापानं स्वतः काढलेली असली की मुलाला ती एकट्यानं काढावी लागत नाही.

नाटेकरांच्या घरात काय बोलणं होत असेल ते मी सांगू शकत नाही. पण जो माणूस टेनिसची अंतिम लढत हरून दुसऱ्या खेळात देशात पहिला आला, त्याच्या घरात हरणं म्हणजे वाट संपणं असा अर्थ निघाला नसावा, एवढं मी खात्रीनं मानतो. पदकांचं कपाट पुष्कळ घरांत असतं. वडिलांच्या पदकांखाली दबून गेलेली पोरंही मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. घरात खेळाडू आहे, एवढंच पुरत नाही. तो खेळाडू आपलं हरणं विसरलेला नसावा लागतो.

टेनिसला पैसा लागतो, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे. खो-खोला दोन खुंट, फक्की आणि पायाखालची जमीन पुरते. म्हणून आमच्या धाराशिवनं खो-खोत देशाला माणसं दिली. सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा जिल्ह्यात फटाके वाजले. टेनिसमध्ये रॅकेटच्या तारा तुटतात, चेंडू मरतात, कोर्ट भाड्यानं घ्यावं लागतं, आणि पोर जरा पुढं गेली की गुणांसाठी गावोगाव, मग देशोदेशी हिंडावं लागतं. खेळाडूच्या घराला हे हिशेब आधीपासून माहीत असतात, कुणाला फोन करायचा तेही माहीत असतं. आमच्या भागातल्या घराला चाचपडत जावं लागतं. हा फरक खरा आहे आणि तो प्रेमानं भरून निघत नाही.

तरी वाट निघते. भगवंताची बार्शी येरमाळ्याहून तासाभराची. लग्नाचा बस्ता असो की दवाखाना, आमची पावलं तिकडंच वळतात. त्या बार्शीची मुलगी प्रार्थना ठोंबरे. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीत कांस्यपदक. २०१६ साली रिओ ऑलिंपिक, पुन्हा सानियाबरोबर. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झँग शुआई समोर आल्या. पहिला सेट टायब्रेकवर गेला, दुसरा सानिया-प्रार्थनानं ७-५ असा घेतला, तिसरा ५-७ गेला. एवढ्या थोडक्यानं. हरली म्हणून काय झालं? ज्या बाजारपेठेत आम्ही ज्वारी-तूर घेऊन जातो, तिथली पोर ऑलिंपिकच्या कोर्टावर उभी राहिली होती. नातीला मी हेही सांगितलं. नाटेकरांच्या गोष्टीपेक्षा तिचे डोळे इथं जास्त मोठे झाले. सांगली लांब आहे, बार्शी तिनं पाहिलीय.

मागे सोलापूरला कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा तिला बरोबर घेतलं आणि मुलींचे टेनिसचे सामने दाखवले. चेंडू रॅकेटच्या मधोमध लागल्यावर होणारा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला. भिंतीवर तसा आवाज येत नाही. एका सामन्यात तेरा-चौदा वर्षांची मुलगी हरली. हात मिळवला, पंचांशी हात मिळवला, पिशवी उचलून बाहेर आली. बाहेर तिचे वडील उभे होते. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली, डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढं धरलं, आणि दोघं लिंबाच्या सावलीत बसून जेवले. बराच वेळ दोघांपैकी कुणीच बोललं नाही. त्या गृहस्थांच्या बसण्यात मला माझे दादा दिसले. ते कोणता खेळ खेळले असतील, किंवा खेळले तरी असतील का, मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत नात म्हणाली, "आबा, ती हरली तरी रडली नाही." मी म्हटलं, घरी जाऊन रडेल. "मग?" मग काय, सकाळी परत खेळायला येईल.

पुढच्या महिन्यात तीही पहिल्यांदा स्पर्धेत उतरणार आहे, सोलापुरातच. पहिल्या फेरीत हरण्याचीच शक्यता जास्त आहे, हे तिला माहीत आहे आणि मलाही. यंदाच्या दिवाळीत मागच्या भिंतीला चुना द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. तो गोल तसाच राहू द्यायचा.

येरमाळ्याच्या, कळंबच्या, वाशी-भूमच्या आईबापांकडं माझं एकच मागणं आहे. पोरगी खेळून घरी आली की आधी ताट वाढा. निकाल ती स्वतः सांगेल.