छत्तीसचा आकडा

आमच्या एडिंबरामधल्या लॅबमध्ये रोज रात्री मायक्रोस्कोपचा डेटा आरसिंक या प्रोग्रॅमने सर्व्हरवर जातो आणि सकाळी एक आकडा आमची वाट बघत असतो. शून्य म्हणजे सगळं नीट गेलं. ३० म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर आलं नाही, बहुधा नेटवर्क. २४ म्हणजे यादी करताना असलेल्या काही फाइली कॉपीच्या वेळी गायब होत्या; मायक्रोस्कोपचं सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाइली बनवतं आणि पुसतं, तेव्हा २४ आला तरी आम्ही निवांत चहा पितो. खरा घुम्या तो २३. काही गेलं, काही राहिलं, एवढंच सांगून गप्प बसतो. फाइल वाचायची परवानगी नसली तरी २३, डिस्क मध्येच अडली तरी २३. लॅबमध्ये तर ‘२३ चालतो’ असं सर्रास म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही.

(हा प्रोग्रॅम अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आणला. त्यामागची पद्धत ट्रिजेल यांच्या १९९९च्या पीएचडी प्रबंधात आहे. कुणाचा प्रबंध जगभर रोज रात्री वापरला जातो, याचा पोस्टडॉकला हेवा न वाटला तरच नवल.)

मागच्या वर्षी आजी गेली. शेवटची दोन-तीन वर्षं बाबा तिच्या ओव्या आणि आठवणी फोनवर रेकॉर्ड करत होते. ७२ फाइली, एक हार्ड डिस्क. फोन केव्हाच बदललेला. डिस्क घेऊन मी इकडे आले आणि घरच्या लिनक्सवर कॉपी लावली. २३.

आकड्याच्या वरच्या ओळी वाचत गेले. नऊ फाइलींपुढे एकच तक्रार: फाइलचं नाव फार लांब, आणि कंसात ३६. हा ३६ लिनक्सचा स्वतःचा क्रमांक आहे, पण मराठी माणसाला तो वाचून हसू येणारच. आमच्या देवनागरीचं आणि त्या डिस्कचं खरोखरच छत्तीसचं जमलं होतं.

कारण साधं आहे. लिनक्सच्या एक्सटीफोर या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘ओव्या’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटरला ती पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. इंग्रजीत २५५ अक्षरं मावतात तिथे आपली ८५ चिन्हं. बाबांची डिस्क विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने तयार केलेली होती. तिथे मोजणी वेगळी असते, त्यामुळे देवनागरी चिन्हंही २५५ मावतात. म्हणून तिकडे कधी काही अडलं नाही.

आणि बाबा नावं ठेवतात ती अशी: ‘आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय, मध्येच शेजारच्या काकू आल्या, पुढे पंढरपूरच्या वारीची आठवण सांगते’. एक्स्टेन्शन धरून २६४ बाइट. नऊ बाइटांसाठी आजी बाहेर.

नावं छाटणं हा सरळ उपाय. फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, पण यातलं सोडू काय? काकू सोडू की वारी?” मला उत्तर देता येईना. त्या रेकॉर्डिंगमध्ये काय आहे याची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती, ती त्या नावातच होती. ‘आजी ०४१’ केलं असतं तर आवाज वाचला असता, पण तो कशाचा आवाज हे पुढे ऐकणाऱ्याला कोण सांगणार?

शेवटी फाइलींना तारीख आणि क्रमांक दिले आणि जुनी नावं जशीच्या तशी एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवली. तिच्या आतल्या ओळीला असली मर्यादा नाही. कॉपी पुन्हा लावली, शून्य आला. तरी मूळ आणि प्रत यांचे चेकसम ताडून पाहिले. शून्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. मग एक प्रत भावाकडे पुण्याला पाठवली.

मर्यादा नाही म्हटल्यावर बाबा सुटलेच आहेत. दर रविवारी एकेक फाइल परत ऐकतात आणि यादीत भर घालून पाठवतात. ४१व्या फाइलीची नोंद आता अर्धं पान झाली आहे. काकू त्या दिवशी विरजण मागायला आल्या होत्या.