गाडीमागे होडी, होडीखाली शेत

वीकेण्ड आणि भीमाशंकर म्हटलं की मंचर-घोडेगाव-शिनोली हा रूट ठरलेला. शिनोलीत चहा, पुढे डिंभे धरणाचं पाणी दिसलं की एक फोटो, आणि गाडी घाटाकडे! त्या पाण्यात स्वतःची बोट सोडायची, तीही घरच्या साध्या कारनं ओढून आणलेली, हा फंडा आपल्याकडे अजून तसा नवाच.

माझ्या एका मित्राकडे १२ फुटी फायबरची बोट आहे. वल्ह्यांची, इंजिन नाही. ट्रेलर धरून वजन अडीचशे किलोच्या आत. ‘त्यात काय, हुक लावायचा आणि निघायचं’ असं वाटत असेल तर जरा थांबा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हेसुद्धा ‘मोटार वाहन’च. म्हणजे त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन. कोपऱ्यावरच्या गॅरेजात वेल्डिंग मारून केलेला जुगाड हायवेवर चालत नाही. दुसरं, कारचं मॅन्युअल उघडा (हो, तेच, प्लास्टिकच्या पिशवीतलं). किती वजन ओढता येईल याचा आकडा त्यात नसेल किंवा ओढू नका असं लिहिलं असेल, तर हवा भरायची बोट घ्या आणि डिकीत टाका. मजा तेवढीच येते, टेन्शन निम्मं.

बोट ट्रेलरवर चढवताना सगळा खेळ तोलाचा. हुकावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हवा. मागे जास्त वजन गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि कमी भाराची हलकी कार त्याच्याबरोबर नाचते. आम्ही बाथरूममधला वजनकाटा हुकाखाली ठेवून पाहिला, १८ किलो. झक्कास!

पुण्याहून शिनोली साधारण ८० किलोमीटर. चाकणचं ट्रॅफिक पहाटेच टाळायचं. शिनोलीत थांबलो ते चहासाठीच नाही, चाकांच्या हबला हात लावायला. हात ठेववत नसेल इतका हब तापला असेल तर बेअरिंगचं काहीतरी बिनसलंय. आणि तापलेला हब थेट गार पाण्यात बुडवायचा नाही. आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढून घेते, आणि मग बेअरिंग गेलंच म्हणून समजा. म्हणून काठावरही अर्धा तास नुसतं बसायचं.

खरी परीक्षा शेवटच्या ५० मीटरची. परदेशी व्हिडिओंत दिसतो तसा काँक्रीटचा उतार इथे नव्हता. पावसाळ्यानंतर भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं, त्यामुळे काठ दर महिन्याला वेगळा. वर मुरूम, खाली गाळ. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. उतारावर मागे ट्रेलर असला की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि वर येताना जागच्या जागी फिरत राहतात. त्यावर उपाय सोपा आहे. कार मुरमावरच ठेवायची, हॅण्डब्रेक, चाकाखाली दगड, ट्रेलर सोडवायचा आणि जाड दोरानं हातानं खाली उतरवायचा. तिथवर रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात सरकवायचा. ट्रेलर छोटा असेल तर तो फार पटकन वळतो, तेव्हा अगदी हळू!

दोर सोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात काठावर जाळं साफ करणारे एक मामा उठले. काठी घेऊन गुडघाभर पाण्यात गेले आणि एका जागी टोचून म्हणाले, “हितं नको. बांध हाय. चाक अडकंल.”

“बांध? पाण्यात?”

“आमचं भातखाचर हाय ते.”

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण मूळ आंबेगाव याच धरणात गेलं. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूचं; १९३०मध्ये मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. धरणानं विस्थापित झालेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या मदतीनं इथे मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. ‘शाश्वत’ला २०१२मध्ये यूएनडीपीचं इक्वेटर प्राइझ मिळालं. आपल्यासाठी हा पिकनिक स्पॉट, त्यांच्यासाठी रोजची भाकरी. त्यामुळे जलसंपदा खात्याच्या परवानगीइतकंच इथल्या मच्छिमारांना विचारणंही आवश्यक. जाळी कुठे लावलीत ते त्यांनाच ठाऊक असतं.

मामांनी दाखवलेल्या जागी, १० पावलं डावीकडे, बोट अलगद तरंगली. बुच बसवलंय ना ते तपासलं, लाइफ जॅकेट घातली. मामांना म्हटलं, “चला की.” ते पुढे बसले, वल्हं मात्र त्यांनी आमच्या हातात राहू दिलं नाही. थोडं आत गेल्यावर पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्यो वरचा बांध. आन् त्यो तिकडं, धाकट्या भावाचा.”