अक्षरांना हात लावू नकोस

ती. मावशीस,


भूमितीचा पाठ मुलांच्या डेटात मावत नाही, म्हणून तू चित्रच लहान करायला निघालीस. ते नको! १०८० चं ४८० केलंस तर कोनांची नावं वाचता येणार नाहीत, मग पाठ पोचून उपयोग काय? झिपचाही फायदा नाही. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो.

खरं तर १०८० चा पडदा न दाबता साठवला तर एकेका फ्रेमला सुमारे ६ एमबी लागतात आणि सेकंदाला अशा ३० फ्रेम. २००३ साली आलेलं एच.२६४ हे व्हिडिओ दाबायचं तंत्र मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतं, बाकी फक्त काय बदललं ते टिपतं. तुझ्या पाठात बदलतं काय? माउसचा बाण आणि एखादी रेघ. तरी फाइल फुगते, कारण रेकॉर्डर चालता चालता घाईत दाबतो. सावकाश दाबायचं काम नंतर हँडब्रेक या प्रोग्रामकडे दे, तो फुकट आहे.

त्यात एच.२६४ ठेव. एच.२६५ ने फाइल आणखी लहान होते, पण जुन्या फोनवर ते अडखळतं. फ्रेम रेट १५ कर. रेघ ओढताना बघायला तेवढा पुरतो. क्वालिटीचा आकडा २२ असेल, तो २६ वर ने. तिथे आकडा वाढला की फाइल घटते, साधारण सहा घरांत निम्मी. आवाज मोनो, ६४ केबीपीएसवर. तुझा खणखणीत आवाज त्यातही ऐकू येईल.

रेकॉर्ड करतानाच पान सारखं वरखाली सरकवू नकोस, त्याने अख्खा पडदा बदलतो. निळ्यावर लाल अक्षरंही टाळ. रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी साठवला जातो, त्यामुळे बारीक लाल अक्षर फिसकटतं. पांढऱ्यावर काळं उत्तम. कोपऱ्यातला तुझा चेहरा मुलांना आवडतो हे ठाऊक आहे, पण तो सतत हलतो आणि जागा खातो. नमस्कारापुरता ठेव.

आधी मिनिटभराचा तुकडा करून वर्गातल्या सर्वांत जुन्या फोनवर बघ. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते आपल्या मनाने पुन्हा दाबतं. मूळ फाइल मात्र पुसू नकोस. दिवाळीत आलो की पेन ड्राइव्हवर घेईन.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा