नंबर काय अर्धा लागतो का?

जेवताना मी यूट्यूबवर अमेरिकेतले एक प्रकारचे व्हिडिओ बघतो. वीस-पंचवीस वर्षं जुना पिकअप, मागं घराएवढा कॅम्पर जोडलेला, आणि मालकाचा प्रश्न एकच: ही गाडी एवढं ओढेल का? मग कुणीतरी जाणकार शांतपणे सांगतो, ओढेल हो, थांबेल का ते बघा.

आमच्याकडं कॅम्पर नाही. उमरी तालुक्यातल्या आमच्या गावात १९९९ सालचा महिंद्रा ५७५ आहे, ४५ हॉर्सपॉवरचा, आणि मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. इकडं कापूस-सोयाबीन जास्त, पण गोदावरीच्या अंगाला ऊस आहे. हंगाम सुरू झाला की दादांचा ट्रॅक्टर कारखान्याच्या वाहतुकीला लागतो. दादा म्हणजे माझे वडील.

हिशोब सोपा आहे. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण दोन टन. एका ट्रॉलीत आठ-नऊ टन ऊस बसतो, ट्रॉलीचं लोखंड वेगळं. म्हणजे दोन टनांच्या मागं वीस टन. खालच्या गिअरमध्ये हे वीस टन आरामात हलतात. थांबवायला मात्र ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. आमच्या ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ट्रेलर ३००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १३६० किलोंच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. शिवाय कॅम्परच्या वजनातलं १० ते १५ टक्के हुकावर येईल असं सामान लावतात. आमच्या चार चाकी ट्रॉल्या आपलं वजन आपणच पेलतात, ट्रॅक्टरच्या चाकांवर जवळजवळ काही येत नाही. म्हणून पकड वाढावी यासाठी आपल्याकडं मागच्या टायरांत पाणी भरतात.

त्यात ट्रॅक्टरला ब्रेकचे पायडल दोन, डाव्या चाकाचा एक आणि उजव्याचा एक. शेतात तासाच्या टोकाला वळायला ते सोयीचं असतं. रस्त्यावर दोन्ही पायडल खटक्यानं एकत्र अडकवायचे असतात. खटका निघालेला असला आणि भरल्या ट्रॉलीसकट एकाच पायडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर जागेवर आडवा होतो. उतारावर तर मागून ट्रॉलीच ढकलते. वेग १५ वरून ३० झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना हे कुणी सांगायचं?

गेल्या दिवाळीत मी दादांना सांगितलं. म्हटलं, एकच ट्रॉली न्या.

"मला ट्रॅक्टर शिकवायलास का?" ते हसले. मग म्हणाले, "एक नेली तर नंबर काय अर्धा लागतो का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारखान्यावर ट्रॅक्टर उभा राहतो तो कधी दहा तास, कधी पूर्ण रात्र. गव्हाणीपर्यंत पोचायला एक ट्रॉली असली तरी तेवढंच थांबायचं आणि दोन असल्या तरी तेवढंच. पैसे टनावर. फडात टोळी मोळ्या बांधून बसलेली असते, वाहन परत आलं नाही तर तिचाही दिवस मोडतो. मी पुण्यात कोड लिहितो. एकेका रिक्वेस्टमागं वेळ फार जात असला की आम्ही दहा रिक्वेस्ट एकत्र करून पाठवतो आणि त्याला ऑप्टिमायझेशन म्हणतो. दादांनी तेच केलंय, फक्त त्यांच्या बॅचला ब्रेक नाहीत. दुसरी ट्रॉली रांगेनं जोडली आहे, असं मला आता वाटतं. रांग दोन तासांवर आणा, निम्म्या दुसऱ्या ट्रॉल्या आपोआप सुटतील.

"ट्रॉलीला ब्रेक बसवू, पैसे मी देतो," मी म्हणालो.

"ट्रॉल्या भाड्याच्या. ज्याच्या हायेत त्याला इचार."

मग ते सहज बोलल्यासारखं सांगू लागले. वाटेत नाल्याचा एक उतार आहे. तिथं ते वरच थांबतात. मागच्या ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायचे, पिन काढायची, पुढची एकटी खाली नेऊन सपाटीला सोडायची, परत वर येऊन दुसरी न्यायची, पुन्हा जोडायचं. पाऊण तास जातो. कितीतरी हंगाम ते हे करत आलेत आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी ज्यासाठी घालवली ते हेच.

पण हा पाऊण तास ड्रायव्हर देत नाही. त्याला पैसे खेपेवर मिळतात, आणि अंधारात वीस टनांखाली दगड लावत बसायला त्याला कुणी जादा देत नाही. त्याची चूक नाही. म्हणून यंदा रात्रीच्या खेपा दादा स्वतः करतात. वय ५९. समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यांवर आला की काही क्षण दिसत नाही, हे त्यांनी आईला सांगितलंय, मला नाही. मी यंदा जाऊन ब्रेकचे लायनर बदलून घेतले, पायडलचा खटका नवा बसवला, आणि उसाच्या वाढ्यांनी झाकले जाणार नाहीत अशा उंचीवर लाल रिफ्लेक्टर लावले. बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल येऊन आदळते ते बहुतेक दिवा झाकलेला असल्यामुळंच.

परवा पहाटे सव्वाचारला फोन आला. ट्रॉल्या रिकाम्या झाल्या, काट्यावर सतरा टन भरले.

"उताराला मागची सोडली होती का?"

"सोडली की," दादा म्हणाले. मागं कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, म्हणून त्यांनी फोन ठेवला.