हक्स्टेबलबाईंचं देणं

आराखडा वाचायला मी कॉलेजात शिकलो. पण इमारत रस्त्यावरच्या माणसाला काय देते आणि त्याच्याकडून काय हिरावून घेते, हे विचारायला शिकवलं एडा लुईस हक्स्टेबल यांनी. बाई न्यूयॉर्कच्या, आमची गाठ पडली ती त्यांच्या लेखसंग्रहांतूनच.

त्यांची नजर संग्रहालयात घडली. १९४६ ते १९५० या काळात त्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या वास्तुकला विभागात सहायक क्युरेटर होत्या. १९६३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांना पूर्णवेळ वास्तुसमीक्षक नेमलं, अमेरिकी दैनिकात असं पद त्याआधी नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशन या जुन्या रेल्वे स्थानकावर हातोडा पडला. बाईंनी त्यावर सडकून लिहिलं. १९६५ मध्ये शहराने वारसावास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला, त्यामागे त्यांच्या लेखणीचंही बळ होतं. १९७० मध्ये समीक्षेचं पहिलंवहिलं पुलित्झर त्यांना मिळालं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतल्या मात्र त्या नव्हत्या. १४० ब्रॉडवे या काळ्या, काचेच्या नव्या टॉवरचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. त्यांचा राग होता तो बेपर्वाईवर.

त्यांचा शेवटचा लेख मला सगळ्यांत जवळचा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या मुख्य इमारतीतल्या पुस्तकांच्या मांडण्या काढून तिथे नवं वाचनालय करायचं घाटत होतं. त्या लोखंडी मांडण्यांवरच वरच्या वाचनकक्षाचा भार आहे, हे बाईंनी डिसेंबर २०१२ च्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये वाचकांपुढे ठेवलं. तेव्हा त्या ९१ वर्षांच्या होत्या. पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या. २०१४ मध्ये ग्रंथालयाने तो बेत सोडला.

मुंबईतल्या पुनर्विकासावर लिहिताना मी त्यांचीच शिस्त पाळतो. माहितीपत्रकातलं गुळगुळीत चित्र बाजूला ठेवायचं, मंजूर नकाशा मागायचा, भर दुपारी आणि संध्याकाळच्या गर्दीत जागेवर फिरायचं. एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) किती वाढला याच्याइतकंच फुटपाथ किती उरला, हेही लिहायचं. आणि लिहायचं ते चाळीतल्या वाचकाला कळेल असं.

या देण्याची परतफेड एकट्याने व्हायची नाही. तुमच्या गल्लीत पाडकाम निघालं, तर कागद मागा, प्रश्न विचारा. शहराविषयी मत द्यायला वास्तुविशारद असावं लागत नाही.