पहिला गिअर बाबांचा

वडोदऱ्यात बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली. मी मिशिगनमध्ये १९३२ च्या फोर्डची हॉट रॉड करतोय. व्ही-८ इंजिन बसवलं, पण पाच गिअरचा हलका बॉक्स पहिल्याच उन्हाळ्यात गेला. तिसऱ्या गिअरचे दात तुटले. पुन्हा तसाच स्वस्तातला घेणार होतो. बाबा फोनवर म्हणाले, "अरे, पावागडच्या चढावर गाडी गिअरबॉक्सच्या जिवावर चढते. वेग विचारू नकोस, जोर किती सोसेल ते विचार."

मग १९६० च्या दशकातला फोर्डचा चार गिअरचा टॉपलोडर घेतला. बिडाचं जाड कवच, झाकण फक्त वर. बाजूला तोंड नसल्यामुळे ते जोराखाली कमी वाकतं. ओव्हरड्राइव्ह नाही, हायवेवर पेट्रोल जास्त लागेल. लागू दे.

निवृत्तीनंतर बाबांनी स्टिअरिंग धरलेलं नाही. मे महिन्यात येताहेत. पहिला गिअर तेच टाकतील.