मोठी चालेल की

लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी आधी धाकट्याचा गालगुच्चा घेतला, मग थोरलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, “दोघांची बाबागाडी कशाला शोधतेस गं? मोठी चालेल की.” मोठी म्हणजे साडेचार वर्षांची. पायात उलटसुलट घातलेल्या चपला, हातात अर्धी खाल्लेली खारी. काकू त्यांच्या मजल्यावर उतरून गेल्या. मी पार्किंगमध्ये पोचले तरी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतच होते.

निमित्त होतं इमॅजिकाचं. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला हे पार्क २०१३ मध्ये उघडलं, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता भूगावच्या आमच्या सोसायटीत पोरं बोलायला लागली की आधी ‘मम्मा’ म्हणतात आणि वर्षभरात ‘इमॅजिका’. दिवसभराचं चालणं, डोक्यावर ऊन, धाकटा दीड वर्षाचा. त्याच्यासाठी बाबागाडी हवी याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो दुसऱ्या सीटचा.

सासूबाई म्हणाल्या, आम्ही तीन पोरं कडेवर वाढवली. नणंद एडिसनला असते, ती फोनवर म्हणाली, सरळ डबल घे, आमच्याकडे सहा-सात वर्षांची धटिंगण पोरंही फ्लोरिडाच्या डिस्नेत गाडीत पसरून जातात. तिथे म्हणे २०१९ च्या मे महिन्यापासून गाडीच्या मापालाच मर्यादा आहे, रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच, त्याहून मोठी फाटकातून आत सोडत नाहीत. नवऱ्याला डिस्नेच्या फाटकाची फिकीर नव्हती. त्याचा प्रश्न डिकीचा होता. आमची वॅगन-आर सीएनजीवरची, डिकीत सिलिंडर. उरलेल्या जागेत एक सपाट बॅग आणि फार तर छत्री मावते. दोन मुलांची गाडी दोन तऱ्हेची येते. एकीत सीट एकामागे एक असतात. ती दारांतून सहज जाते, पण मागच्या पोराला पुढच्याचं डोकंच दिसतं आणि त्यावरून लाथाळी होते. दुसरीत सीट शेजारी शेजारी. ती वळायला हलकी, दोघांना सारखं दिसतं, पण अडीच फूट रुंद. शिवाय एक तिसरा उपाय असतो: एकट्याच्या गाडीला मागे चाकं लावलेली फळी जोडायची आणि थोरल्याने त्यावर उभं राहायचं. ही फळी मी दुकानात हात लावून पाहिली आणि परत ठेवली. बसच्या मागच्या शिडीवर लोंबकळणाऱ्या पोरासारखी माझी लेक दिवसभर उभी राहणार, आणि समोर भाऊ मांडी घालून बसणार.

आता माझा राग काकूंवर नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो जुना आहे.

आमचं मूळ घर मुळशीत, निव्याच्या वरच्या अंगाला. नवरात्रात आई विंझाईच्या दर्शनाला ताम्हिणीला चालत जायची. एसटी होती, पण ती तिच्या वेळेला, आमच्या नव्हे. आईच्या डोक्यावर पाटी, तीत ओटीचं सामान, भाकऱ्या आणि भावाची दुपटी. भाऊ कडेवर. मी तिच्या पदराचं टोक धरून मागे. पाऊस नुकता सरलेला, रस्त्याच्या कडेला सोनकी पिवळीधमक, खाचरांत भात पोटरीतून बाहेर पडलेला. एका चढावर मी खाली बसले. का बसले ते सांगता येणार नाही, पाय दुखत होते की नुसता हट्ट होता. पदर हातातून सुटला. आई थांबली नाही. पुढे वळणावर एक मोठा काळा दगड होता, त्यावर तिने भावाला बसवलं, शेजारी पाटी उतरवली, आणि मग ती मागे वळली.

तिचं ते वळणं मला लख्ख आठवतं. पाटी उतरल्यावर मान सैल करण्यासाठी तिने डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवलं तेही. पुढचं काही आठवत नाही. ती परत आली आणि तिने मला उचललं, की तिथूनच ओरडली आणि मी रडत चालत गेले?

आईला हे मी वेगवेगळ्या वेळी विचारलंय. एकदा म्हणाली, “दोघांना थोडं थोडं न्यायची. ह्याला ठेवायचं, तुला आणायचं.” दुसऱ्या वेळी म्हणाली, “तुला कुठं उचलायचं? तू तर म्होरं पळत हुतीस.” आणि एकदा भाऊ समोर बसलेला असताना ती नुसतीच हसली, त्यावरून मी दोन दिवस फुगून होते. थोरल्या बहिणींची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार वाईट असते. म्हणजे फार चांगली असते.

पहिली गोष्ट खरी धरली, तर हिशेब असा पडतो: एक मैल रस्ता, दोन पोरं, एक बाई. एकाला पुढे न्यायचं, रिकामं परत यायचं, दुसऱ्याला न्यायचं. पोरं एकेक मैल जातात, बाई तीन मैल चालते. शाळेत काळ-काम-वेगाची इतकी गणितं सोडवली, हे कुणी घातलं नाही.

इथे एक इंग्रज मध्येच येतो, त्याला थोडी जागा द्यावी लागेल. ओवेन मॅक्लारेन हा विमानांचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उतरायची आणि मिटायची रचना, तिच्यावर काम केलेला माणूस. निवृत्त झाला, आजोबा झाला. लेक परदेशातून आली ती जडशीळ बाबागाडीच्या नावाने बोटं मोडत. बाबागाडी मुळात बड्यांच्या घरची चीज होती. विल्यम केंट नावाच्या माणसाने १७३३ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक केली होती, तिला शेळी किंवा बुटकं तट्टू जुंपायचं. मॅक्लारेनने १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन जेमतेम पावणेतीन किलो. आज आपल्याकडे मॉलमध्ये, विमानतळावर, चतुःशृंगीच्या जत्रेत जी काठीला लटकवल्यासारखी गाडी दिसते, तिचं मूळ हेच. विमानाच्या पंखांत चाकं मिटवणाऱ्या माणसाला लेकीच्या हातातलं ओझं दिसलं, म्हणून मला हा म्हातारा आवडतो. त्याला दुसरं नातवंड होतं का आणि ते कुठे बसलं, एवढंच विचारायचं राहिलंय.

आमच्या लहानपणी चाकांची एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे तुळशीबागेतून आणलेला लाकडी पांगुळगाडा. तो माझा, मग भावाचा, मग चुलत भावंडांचा. त्याच्यात बसायची सोय नसते. तो मुळात चालायला लावणारा. बसायचं सुख मला मिळालं ते पेशवे पार्कात, फुलराणी या छोट्या आगगाडीत. १९५६ पासून पुण्यातली पोरं तिच्यात बसतात. मामाने तिकिटं काढली, भाऊ आईच्या मांडीवर आणि मी खिडकीशी, अख्ख्या बाकावर माझी स्वतःची जागा. उतरायची वेळ आली तेव्हा मी बाक सोडेना.

शेवटी पिरंगुटच्या एका जुळ्यांच्या आईकडून वापरलेली, शेजारी शेजारी सीटची गाडी घेतली. पट्ट्यांच्या खाचेत मुरमुरे होते आणि कापडाला आंबूस दुधाचा वास होता. दोन वेळा धुतली, उन्हात टाकली, वास थोडा राहिलाच. डाव्या सीटची टेक मागे पडायची, उजवीची पडत नव्हती. डिकीत अर्थातच गेली नाही. टपावर कॅरिअर होता, त्यावर नायलॉनच्या दोरीने बांधली.

एक्स्प्रेस-वेने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, हे नवऱ्याने पौड येईपर्यंत सांगितलं. पण आईला घ्यायचं होतं, म्हणून ताम्हिणी, विळे, कोलाड, वाकण, पाली असा वळसा. मुळशी गावाच्या पुढे धरणाचं पाणी दिसायला लागलं की आईचं बोलणं तिकडेच जातं. तिच्या आजीचं घर त्या पाण्याखाली आहे. मुळा-निळेच्या संगमावर टाटांनी धरण बांधायला घेतलं, १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी कामावर जाऊन ठाण मांडलं, पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने चिकटली, ‘जान किंवा जमीन’ म्हणत तीन वर्षं भांडले आणि बावन्न गावं गेली. अभ्यासक राजेंद्र व्होरांनी या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं. ज्यांची जमीन सावकाराकडे गहाण होती त्यांच्या हाती मोबदला तरी काय येणार! हे सगळं आम्हाला सनावळीसकट पाठ असतं. आईचं म्हणणं वेगळंच असतं. आजीला तेव्हा तीन पोरं होती, ती म्हणते, एक पोटाशी, एक कडंला. तिसरं चाललं असंल.

“थोरलं?” मी विचारलं.

“मग!”

ताम्हिणी उतरून कोलाडच्या वाटेला लागलो, तर टपावर फुगवलेल्या होड्या बांधलेल्या जीपा दिसायला लागल्या. कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं त्या जोरावर. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. पूर्वेला वाहणारं मुळेचं पाणी डोंगरातून बोगद्याने उलटं, कोकणात उतरवायचं, त्यावर मुंबईची वीज करायची, मग ते कुंडलिकेत आणि तिथून समुद्रात. आईने खिडकीची काच खाली करून त्या होड्यांतल्या हेल्मेटवाल्या मुलींकडे बराच वेळ पाहिलं. “आपल्याकडलंच पानी,” ती म्हणाली. “खेळत्यात खेळू दे.”

पार्कात मला एक गंमत कळली. तिथे मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजायची खूण असते. थोरली एकेका खुणेशी टाचा जोडून, मान ताणून उभी राहिली, आणि गणवेशातला मुलगा दरवेळी हसून म्हणाला, “अजून लहान आहेस बेटा.” सकाळपासून, किंबहुना भाऊ जन्मल्यापासून, तिला कुणी लहान म्हटलं नव्हतं. मला वाटलं रडेल. ती तरातरा गाडीपाशी आली, उजव्या, टेक न पडणाऱ्या सीटवर चढून बसली, पट्टा स्वतःच्या हाताने लावला आणि म्हणाली, “चला.”

मी ढकलत होते. पंधरा किलो डावीकडे-उजवीकडे मिळून नव्हे, पंधराच्या वर एकटी थोरलीच उजवीकडे, त्यामुळे गाडी सतत उजवीकडे खेचत होती. आई मागून चालत होती, गुडघे धरत, दर बाकावर टेकत. दुपारी ती मला म्हणाली, “म्हातारीला बसायला न्हाई का असली?” मी हसले नाही, कारण ती विनोद करत नव्हती.

त्यानंतर गाडी घरात उभी राहिली. भूगावच्या फ्लॅटमध्ये अडीच फूट रुंदीची वस्तू उभी करायला जागा नसते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांनी ती मागितली, मला वाटलं नातवंडांसाठी. आठवडाभरात पाहते तर त्या तिच्यातून वीस-वीस लिटरचे दोन जार नेत होत्या, एकेका सीटवर एकेक, पट्टा लावलेला. उन्हाळा लागला की आमच्या भागात टँकरशिवाय चालत नाही. धरण इथून तासाभरावर, आणि त्याचं पाणी डोंगरापलीकडे. ताईंच्या खोल्यांपर्यंत टँकर जात नाही, त्याला चिंचोळी गल्ली आडवी येते. आधी त्या एक जार डोक्यावर नेऊन ठेवायच्या, रिकाम्या परत यायच्या, दुसरा न्यायच्या.

सीटला पंधरा किलोची मर्यादा असते, ती पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेली आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरं काय पंधरा किलोची ऱ्हात्यात व्हय? परवा पुढचं उजवं चाक तुटलं. ते पिशवीत घालून त्या माझ्याकडे आल्या. कंपनीचं चाक सुटं मिळत नाही. पिरंगुटच्या सायकलवाल्याने जुन्या ऑफिस-खुर्चीचं चाक बसवून दिलंय, ऐंशी रुपयांत. फक्त आता ती डावीकडे ओढते, आणि ताईंचं म्हणणं आहे की मी एकदा त्याच्याशी बोलावं.